रोझमेरीला हवा असतो वाफसा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ठाण्यात नवव्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी, तीन वर्षांत आणलेली रोझमेरीची तीन रोपं, आणि तिन्हींची एकच कथा: उन्हाळाभर ठीक, आषाढात खालची पानं पिवळी, श्रावण संपेपर्यंत सगळं रोप तपकिरी. रोज सकाळी तुळशीबरोबर पाणी घालता, महिन्याला खत देता. आता विचारताय की नक्की कुठलं खत कमी पडतंय आणि कुठलं औषध फवारायचं.

मी पुण्याजवळ चौदा वर्षं छोटी रोपवाटिका चालवते. बेसिल, थाईम, ओरेगॅनो, रोझमेरी अशी स्वयंपाकातली रोपं करते. तुमच्यासारखा प्रश्न मला दर वर्षी गणपतीच्या सुमारास येतो, आणि त्याच सुमारास येण्याला कारण आहे. खत कमी पडलेलं नाही आणि फवारणीनं हे थांबणार नाही. तुमच्या रोपांच्या मुळांना श्वास घेता आला नाही. पानांवर जे दिसलं ते शेवटचं. मुळं त्याआधी दोन-तीन आठवडे मेलेली असतात.

आपल्या शेतकऱ्यांकडे यासाठी नेमका शब्द आहे, वाफसा. पाऊस पडून गेल्यावर मातीतलं जादा पाणी निघून जातं, ओल राहते आणि मातीच्या कणांमध्ये हवा शिरते, ती अवस्था. वाफसा आल्याशिवाय शेतकरी पेरत नाही. रोझमेरीला हा वाफसा बारा महिने हवा असतो. कुंडी कुठली, माती कशी, जागा कोणती, पाणी कधी, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी याच एका गोष्टीवरून काढते.

यावर कुणीही म्हणेल की पाणी जास्त झालं तर सगळीच झाडं मरतात, रोझमेरीचं काय वेगळं? माझी भाची ऑस्ट्रेलियात पर्थला राहते. पहिल्याच वर्षी तिचा फोन आला, "मावशी, इथे रोझमेरी रस्त्याच्या कडेला कुंपणासारखी लावतात गं, कुणी पाणीसुद्धा घालत नाही!" मी पर्थचा पाऊस शोधला, तर वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पुण्याएवढाच. पण तो पडतो त्यांच्या हिवाळ्यात, दिवसाचं तापमान १८-२० अंश असताना, आणि पडतो वाळूवर. त्यांचा उन्हाळा कोरडा. रोझमेरीचं मूळ घर भूमध्य समुद्राच्या काठचं, तिथलाही हिशोब हाच, थंडीत पाऊस आणि उन्हाळा कोरडा. आपल्याकडे उलटं. आपला पाऊस उबदार दिवसांत येतो, रात्रीसुद्धा पारा विशीच्या वर असतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि उबेत मुळांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. त्यात फायटोप्थोरा आणि पिथियम या मुळं कुजवणाऱ्या रोगकारकांना अशी उबदार ओल फार मानवते. त्यांचे बीजाणू मातीतल्या पाण्यात चक्क पोहत मुळांपर्यंत जातात. विदर्भातल्या संत्र्याला डिंक्या होतो तो फायटोप्थोरामुळे, आल्याच्या कंदकुजीत पिथियम असतो. तीच मंडळी तुमच्या कुंडीत आली होती. गुदमरलेल्या मुळावर त्यांचं काम सोपं होतं. म्हणून नुसतं औषध घालून उपयोग नाही. माती चिंब राहिली तर ती परत येतात.

दुसरं कारण तुमच्याच प्रश्नात आहे: "तुळशीबरोबर". रोझमेरी आणि तुळस एकाच कुळातल्या, पुदिना आणि पानओवाही त्याच घरातले. पण स्वभाव अगदी वेगळा. तुळशीचं पान मऊ आणि पसरट, त्यातून पाणी भराभर उडतं. तहान लागली की ती मान टाकते, तांब्याभर पाणी मिळालं की तासाभरात उभी राहते. रोझमेरीचं पान हातात घेऊन उलटून बघा. सुईसारखं बारीक, कडा खाली वळलेल्या, पोटाशी पांढरी लव. श्वासाची छिद्रं त्या लवेत दडलेली असतात. पाणी वाचवण्यासाठीच घडलेलं पान आहे ते. त्यामुळे रोझमेरी तुळशीसारखी मान टाकून सांगत नाही. पान ताठ असतं म्हणून ते सुकतानाही तसंच फांदीला चिकटून राहतं, वासही तसाच येतो. बाहेरून बरं दिसणारं रोप आतून गेलेलं असू शकतं.

यातून एक सापळा तयार होतो आणि बहुतेक रोझमेरी त्यातच जातात. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतही रोप तहानलेलं दिसतं. कोवळे शेंडे वाकतात, टोकं तपकिरी होतात. आपण घाबरून आणखी पाणी घालतो. त्यामुळे तहान की कूज हे आधी ओळखायला शिका. तहानेनं सुकत असेल तर सगळं रोप एकदम राखाडी-हिरवं, निस्तेज दिसतं, पान चिमटीत चुरचुरतं आणि कुंडी उचलली तर हलकी लागते. कूज असेल तर आधी खालची, आतली पानं पिवळी पडतात, मग काळपट-तपकिरी होतात, आणि कुंडी मात्र जड असते. शंका राहिली तर रोप कुंडीतून अलगद बाहेर काढून बघा, त्यानं काही बिघडत नाही. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट बदामी आणि चिवट असतं. कुजलेलं मूळ काळपट असतं, चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते आणि आतला दोरा मागे राहतो. मातीला गटारासारखा वास येतो.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण पुण्यातलं माझं वेळापत्रक ठाण्यात जसंच्या तसं चालणार नाही. पुण्या-नाशकाकडे उघड्यावरसुद्धा रोझमेरी पावसाळा काढू शकते, माती खरोखर भुसभुशीत असेल तर. मुंबई-ठाणे-कोकणात वर्षाचा पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत; तिथे डोक्यावर छप्पर हवंच, त्यावर तडजोड नाही. विदर्भ-मराठवाड्यात अडचण मे महिन्याची. तिथे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, तेव्हा कुंडीला दुपारची सावली लागते. महाबळेश्वरची हवा रोझमेरीला मानवेल, पाऊस मानवणार नाही. बंगळूरूला राहणाऱ्या मराठी मंडळींना यातलं बरंचसं सोपं जाईल, आणि निलगिरीत तर तिची शेतीच होते.

तुमच्या बाबतीत माझं लक्ष लगेच गेलं ते "पश्चिमेची बाल्कनी" या शब्दांवर. उन्हाच्या दृष्टीनं ती उत्तम, दुपारी एकपासून संध्याकाळपर्यंत ऊन. पण पावसाळी वारे नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात. नवव्या मजल्यावर झड थेट आत येत असणार. म्हणजे कुंडी वरून झडीनं भिजते, शिवाय सकाळी तुम्ही पाणी घालता, आणि ढगाळ हवेमुळे काही वाळत नाही. तिन्ही रोपं आषाढातच का बिघडली याचं उत्तर मला तिथे दिसतं.

सुरुवात मातीपासून करू, कारण सत्तर टक्के काम तिथेच होतं. बाजारातलं रोझमेरीचं रोप बहुधा दोन प्रकारे येतं, निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) किंवा चिकट लाल मातीच्या घट्ट हुंडीत, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यात. रोपवाटिकेत पाण्याचं प्रमाण ठरलेलं असतं, तिथे ते चालून जातं. घरी नाही. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत पिळून काढावं इतकं ओलं असतं. लोक वरचा कोरडेपणा बघून पाणी घालत राहतात. लाल मातीची हुंडी एकदा पूर्ण वाळली की विटेसारखी होते, पाणी कडेनं निघून जातं आणि मधली मुळं कोरडी राहतात. म्हणून रोप आणल्यावर आठवडाभर त्याला नव्या जागेची सवय होऊ द्या, मग कुंडी बदला. हुंडी फोडू नका, पण बोटांनी बाहेरचं कोकोपीट हलकेच झाडून टाका, एक-तृतीयांश तरी. चिकट मातीची हुंडी असेल तर बादलीत पाणी घेऊन त्यात बुडवून बाहेरची माती सैल करा.

मिश्रण माझं असं: दोन घमेली चाळलेला मुरूम, एक घमेलं लाल माती, अर्धं घमेलं जुनं गांडूळखत, दोन मुठी निंबोळी पेंड. मुरूम म्हणजे रस्त्याच्या कामावर पडलेला सगळा ढीग नव्हे. पिठासारखी भुकटी चाळून टाकायची, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे खडे ठेवायचे. मुंबईत मुरूम मिळणं कठीण, तिथे विटांचे बारीक तुकडे किंवा पर्लाईट (रोपवाटिकेत मिळणारे हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) चालेल. क्रशसँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरायची तर धुऊन, कारण तिच्यातली भुकटी सिमेंटसारखी बसते. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, तिच्यात घमेल्यामागे चमचाभर शेतीचा चुना मिसळा. काळी माती मात्र अजिबात नको. भिजली की फुगते आणि हवेची प्रत्येक फट बंद करते.

मिश्रण जमलं की नाही याची परीक्षा सोपी आहे. कुंडी भरा, रोप लावायच्या आधी तांब्याभर पाणी ओता. पाणी वर साचून राहिलं तर आणखी खडे मिसळा. ओतताक्षणी आत गेलं आणि लगेच खालून ठिबकू लागलं तर जमलं.

कुंडी साधी, भाजक्या मातीची, बिनरंगाची. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं, म्हणजे मुळांना चहूबाजूंनी हवा. तेलरंग दिला की हा गुण जातो. रोप लहान असेल तर आठ इंची पुरे. "पुढे वाढेल" म्हणून पहिल्याच दिवशी चौदा इंची कुंडीत लावू नका. जिथे मुळं पोचलेली नाहीत तिथली माती दिवसेंदिवस ओली राहते. वर्षा-दीड वर्षानं दोन इंच मोठी कुंडी घ्यावी. बाल्कनीला वजनाची मर्यादा असेल तर प्लास्टिकची चालेल, पण तळाला पाच-सहा भोकं पाडून आणि मिश्रणात खडे वाढवून. खाली पाणी साठवणाऱ्या स्वयंचलित कुंड्या पुदिन्याला द्या.

इथे एका जुन्या सवयीबद्दल बोलायलाच हवं. कुंडीच्या तळाशी दोन-तीन इंच खडी किंवा खापऱ्या घातल्या की निचरा सुधारतो असं आपण सगळे शिकलो. मीही कित्येक वर्षं घालत होते. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडून राहतं. मग चिंब थर मुळांच्या आणखी जवळ येतो आणि मुळांना मिळणारी जागाही कमी होते. भोकावर एक खापरी पालथी ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती. खडे मातीत मिसळलेले हवेत.

पाण्याचं म्हणाल तर "किती दिवसांनी?" हा प्रश्न मला चुकीचा वाटतो, तरी अंदाज देते. पुण्यात दहा इंची मातीच्या कुंडीला हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड, पावसाळ्यात छपराखाली आठ-दहा दिवसांनी, कधी कधी पंधरा दिवसही लागत नाही. ठाण्याच्या दमट हवेत यापेक्षा कमीच. पण दिवस मोजण्यापेक्षा काडी वापरा. देवघरातली जळून गेलेली अगरबत्तीची बांबूची काडी कुंडीत चार इंच खोचा, पाच मिनिटांनी काढा. काडी गडद दिसली, तिला माती चिकटली, तर आज पाणी नाही. कोरडी आली तरच पाणी. आणि घालायचं तेव्हा भरपूर, खालून वाहीपर्यंत. रोज थोडं थोडं पाणी सर्वात वाईट, कारण वरचा थर कायम ओला आणि मातीला वाफशावर यायला वेळच नाही. खालच्या बशीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. महिनाभर हे केलंत की काडीही लागणार नाही, कुंडी एका बाजूनं उचलली की हाताला कळतं.

पावसाळ्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी सर्वात मोठी हानी मी त्यात सोसली आहे. रोपवाटिकेच्या दुसऱ्या वर्षी रोझमेरीच्या सुमारे दोनशे कुंड्या हिरव्या शेडनेटखाली ठेवल्या होत्या, खाली तण येऊ नये म्हणून काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. जुलैत आठ दिवस पाऊस थांबला नाही. शेडनेट पाऊस अडवत नाही, ऊन-वारा मात्र अडवतं. आणि कुंड्यांची बुडं कागदावर सपाट बसलेली, भोकं बंद. गणपतीपर्यंत निम्म्याहून जास्त रोपं गेली. मी तेव्हा बुरशीनाशकावर पैसे घातले आणि तेही वाया गेले. पुढल्या वर्षी दोनच गोष्टी बदलल्या. वर पारदर्शक पत्रा, चारी बाजू मोकळ्या. आणि प्रत्येक कुंडी दोन विटांवर, भोकाखालून वारा जाईल अशी. माती तीच, रोपं तीच. त्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी गेली.

तुम्ही हेच घरात करा. मृगाचा पहिला पाऊस पडला की कुंडी पश्चिमेच्या बाल्कनीतून हलवा. पूर्वेची खिडकी असेल, वर छज्जा असेल, तर तिथे. नसेल तर बाल्कनीच्या दाराच्या आत, काचेजवळ, झड येणार नाही अशा जागी. ऊन कमी मिळेल, वाढ थांबेल, थांबू दे. त्या चार महिन्यांत रोपानं वाढावं अशी अपेक्षाच ठेवू नका. नुसतं जगलं तरी पुष्कळ आहे. वारा खेळता राहू दे. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर पानांवर भुरी येते, पिठूळ पांढरे डाग दिसतात. पावसाळ्याआधी, मे महिन्याच्या शेवटी, आतल्या दाटीतल्या काही बारीक काड्या काढून रोप विरळ करावं. पावसाळ्याच्या चार महिन्यांत खत, कुंडीबदल, मोठी छाटणी काहीही नाही.

पाऊस ओसरला की आपले दिवस येतात. दसरा ते होळी हा महाराष्ट्रात रोझमेरीचा खरा हंगाम. कुंडी बदलणं, छाटणी, नवी रोपं करणं, सगळं याच काळात. पाच-सहा तास थेट ऊन द्या, तुमच्या बाल्कनीत ते मिळेल. होळीनंतर पश्चिमेची फरशी आणि भिंत तापते, तेव्हा कुंडी फरशीवर न ठेवता स्टँडवर ठेवा, आणि एप्रिल-मेच्या दुपारी कठड्याच्या सावलीत घ्या. रोझमेरीला ऊन सोसतं, पण भाजणाऱ्या कुंडीच्या आतली मुळं सोसत नाहीत, काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत तर नाहीच.

खताबद्दल थोडक्यात: दर महिन्याचं बंद करा. दसऱ्यानंतर एकदा आणि फेब्रुवारीत एकदा, मूठभर गांडूळखत वरच्या थरात मिसळलं की झालं. नत्र जास्त झालं की लुसलुशीत, लांब फांद्या येतात, त्यांना सुवास कमी आणि मावा लवकर. किडींचा तसा फारसा त्रास नाही. उन्हाळ्यात लाल कोळी येतो, पानांवर बारीक फिकट ठिपके दिसतात. सकाळी पानांच्या खालून जोरात पाण्याचा फवारा मारावा, तीन-चार दिवस लागोपाठ. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्यानं पुसून काढा आणि नंतर निंबोळी तेल. रोझमेरी मरायला कीड क्वचितच कारण असते.

पानं तोडण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हल्ली रोझमेरी घेणाऱ्या दहातल्या सात जणी केसांना लावायच्या पाण्यासाठी घेतात, म्हणून सांगते. केसांना किती उपयोग होतो ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. रोपाचं मला सांगता येईल. आठ इंची कुंडीतलं एक रोप दर आठवड्याला पाच-सहा फांद्या देऊ शकत नाही. तेवढी गरज असेल तर चार-पाच रोपं ठेवा आणि आळीपाळीनं तोडा. बटाट्यावर, फोकाच्या या इटालियन पावावर घालायला कधीतरी दोन शेंडे हवेत, तर एक रोप पुरतं. नवीन रोपाला पहिले तीन महिने हात लावू नका. नंतरही एका वेळी चौथ्या हिस्स्याहून जास्त नको. पानं ओरबाडून काढण्यापेक्षा शेंड्याचा तीन-चार इंचाचा तुकडा कात्रीनं कापा, तिथून दोन नव्या फांद्या फुटतात.

आणि कापताना नेहमी खाली हिरवी पानं शिल्लक ठेवून कापा. गुलाब कितीही खाली छाटला तरी फुटतो. जुन्या, उघड्या, तपकिरी लाकडावर कापलेली रोझमेरी सहसा पुन्हा फुटत नाही. दोन-तीन वर्षं छाटली नाही तर खालून उघडी आणि वर झुपकेदार अशी होते, आणि मग तिला आकार देता येत नाही. म्हणून सुरुवातीपासून थोडं थोडं.

मी माझ्या गिऱ्हाइकांना अगदी आग्रहानं सांगते ते मात्र हे: दर दिवाळीत आपल्या रोपाची चार-पाच छाट कलमं लावा. आपल्या हवेत रोझमेरी कधी दगा देईल सांगता येत नाही, मला चौदा वर्षांनंतरही येत नाही. घरात तिचीच पिल्लं असली की जीव निवांत राहतो. चार इंचाचा शेंडा घ्या, फार कोवळा नको आणि लाकूड झालेलाही नको; वाकवला तर वाकेल पण लोंबणार नाही असा. खालच्या निम्म्या भागातली पानं काढा, पेराच्या खाली काप द्या. भोकं पाडलेल्या कागदी किंवा प्लास्टिकच्या ग्लासात पर्लाईट किंवा धुतलेली जाड वाळू भरून त्यात दोन इंच खोचा. मुळं फुटायची पावडर लावली तर बरं, नसली तरी अडत नाही. उजेड भरपूर, थेट ऊन नको, वाळू दमट, चिंब नाही. चार ते सहा आठवड्यांत हलकेच ओढून बघा, धरून राहिलं तर मूळ आलं. दहातली सहा-सात लागली तर माझ्या हिशोबी छान. पाण्याच्या ग्लासातही मुळं येतात, मात्र ती ठिसूळ असतात. अर्धा इंच झाली की लगेच मातीत घाला. बियांच्या वाटेला जाऊ नका. रोझमेरीचं बी कमी उगवतं आणि उगवलं तरी वर्षभर काडीएवढंच राहतं.

ज्यांच्याकडे अंगण आहे आणि बागेच्या कडेनं रोझमेरी लावायची आहे, त्यांनी खड्डा करू नये. काळ्या जमिनीत खड्डा खणून तो मुरुमानं भरला की त्याचा हौद होतो, चहूबाजूंचं पाणी तिथे गोळा होतं. त्याऐवजी जमिनीवर फूट-दीड फूट उंच गादीवाफा घाला, वरच्याच मिश्रणाचा, कडेला दगड लावून, आणि रोपं दोन-अडीच फुटांवर. दक्षिणेकडच्या भिंतीलगत जागा चांगली, पण पागोळ्या पडतात तिथे नको. शेजारी हिरवळ असेल आणि तिला रोज पाणी फिरत असेल तर रोझमेरी तिथून लांब. खोडाभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन घालू नका, बारीक खडी पसरा. ती कोरडी राहते आणि पावसाचे चिखलाचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत.

आता तुमच्या तिसऱ्या रोपाचं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्याच्या शेंड्यांवर अजून थोडा हिरवेपणा दिसतोय. खोडाच्या बुडाशी नखानं जरासं खरवडून बघा. साल आतून हिरवी असेल तर आशा आहे. रोप बाहेर काढा, काळी मुळं स्वच्छ कात्रीनं कापा, वर सांगितलेल्या जवळजवळ कोरड्या मिश्रणात लहान कुंडीत लावा, वरचा तिसरा हिस्सा हिरवी पानं राखून कमी करा. दोन दिवस पाणी नको, पंधरा दिवस ऊन नको. बुडाशी चारी बाजूंनी तपकिरी असेल तर ते रोप वाचत नाही, त्याच्यावर महिना घालवू नका. हिरवे शेंडे आजच काढा आणि कलमं लावा. हंगाम नाही, तरी दोन लागली तर तुमचंच रोप पुढे चालेल. आधीच्या रोपांची माती नव्या रोझमेरीला वापरू नका, तिच्यात कूज आहे. ती झेंडूला किंवा शोभेच्या झाडांनाही नको, टाकूनच द्या. कुंडी घासून चार दिवस कडक उन्हात ठेवा.

नवीन रोप दसऱ्यानंतरच आणा. घेताना उंची बघू नका. बुटकं, बुडापासून फांद्या फुटलेलं, खालची पानं हिरवी असलेलं घ्या, आणि पिशवीच्या भोकातून डोकावणारं मूळ पांढरं आहे ना ते बघा. जमलं तर दोन आणा. एक बाल्कनीत ठेवा, एक स्वयंपाकघराच्या खिडकीत, आणि पहिल्याच आठवड्यात दोन्ही कुंड्या पाणी घालायच्या आधी आणि नंतर उचलून बघा, म्हणजे ओली कुंडी आणि कोरडी कुंडी यांतला फरक पावसाळा यायच्या आत तुमच्या हाताला पाठ झालेला असेल.